रुळांच्या दोन्ही अंगांची भिलाई

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग सोडते आणि थोड्याच वेळात उजव्या हाताला पोलाद कारखान्याची धुरांडी दिसू लागतात. बहुतेक प्रवाशांची भिलाई तेवढीच. मुंबईची, पुण्याची मंडळी पुढे रायपूरला उतरतात, तिथून बस्तरला जातात. आम्हा भिलाईकरांचं त्यांना मनापासून सांगणं आहे की वाटेत एक पूर्ण दिवस इथे काढा. ज्या रुळांवरून आपण देशभर फिरतो, ते मुख्यतः इथे घडतात. 130 मीटर लांबीचा सलग रूळ या कारखान्यातून निघतो. असे दोन जोडून 260 मीटरचे रूळ खास वाघिणींवरून रवाना होतात.

भारत आणि सोव्हिएत संघाचा भिलाईसाठीचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला. त्या वेळी हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती! चार वर्षांनी, 4 फेब्रुवारी 1959 रोजी, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दक्षिणेला सुमारे 90 किलोमीटरवरच्या दल्ली-राजहराचं लोहखनिज आणि जवळच्या नंदिनीचा चुनखडक यांवर भट्ट्या चालत आल्या. कारखाना आतून पाहायला आधी परवानगी काढावी लागते, त्यामुळे ऐनवेळी येणाऱ्याने त्याची आशा धरू नये. शहर मात्र सगळ्यांना मोकळं आहे.

ते पाहायचं तर रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना जावं लागतं. दक्षिणेला कारखान्याची टाउनशिप. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, जुनी दाट झाडं, क्वार्टरपुढे पेरू-आंब्याची परसबाग. पहाटे सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या शिफ्टच्या वेळांना रस्ते भरतात आणि लगेच रिकामे होतात. नोकरीसाठी तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी, बिहारी आणि आपली मराठी माणसं आली. प्रत्येकाने आपला देव आणि आपला सण बरोबर आणला. सेक्टर 6 मध्ये पायीच फिरावं. तिथल्या जामा मशिदीच्या बांधणीतच अरबी लिपीतलं ‘या अल्लाह’ कसं वाचता येतं, ते इथली माणसं पाहुण्याला आवर्जून दाखवतात. जवळच कालीबाडी आहे. दुर्गापूजेच्या दिवसांत तिथे बंगाल्यांइतकीच इतरांचीही गर्दी असते. मुलं बरोबर असतील तर मैत्री बागेत अर्धा दिवस सहज जातो. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून 1972 मध्ये उभी राहिलेली ही बाग आणि तिथले पांढरे वाघ ही शहराची लाडकी जागा. हिवाळ्यातलं पुष्पप्रदर्शन चुकवू नका. शेजारच्या मरोदा जलाशयावर त्याच दिवसांत स्थलांतरित पक्षी उतरतात.

रूळ ओलांडून उत्तरेला आलं की जी. ई. रोड, सुपेला, पॉवर हाऊस आणि कॅम्प. इथे आखणी कमी, माणसं फार. ज्यांना क्वार्टर मिळालं नाही, कायम नोकरी मिळाली नाही, त्यांचं हे शहर. पॉवर हाऊस स्थानकावर उतरणाऱ्याने एक गोष्ट ठाऊक करून घ्यावी. कंत्राटी कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतच, झोपेत गोळी घालून हत्या झाली. पुढच्या वर्षी 1 जुलैला याच स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेकांचे जीव गेले. टाउनशिपची झाडं पाहून खूश झालेल्या पाहुण्याला मी हे सांगतोच, कारण याशिवाय भिलाई अर्धीच कळते. दोन्ही अंगं एकाच माणसात पाहायची असतील तर तीजनबाई आठवाव्यात. जवळच्या गनियारी गावच्या या पंडवानी गायिका याच कारखान्यात नोकरीला होत्या. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता खाणं. सकाळी पोहे आणि जिलबी, एकाच द्रोणात. पोह्यांची सवय आपल्याला आहे, पण शेजारी गरम जिलबी हवीच हे इथे येऊन पटतं. दुपारच्या गाड्यावर ‘आलूगुंडा’ मागा, हातात येईल तो आपल्या बटाटेवड्याचा सख्खा भाऊ. पाणीपुरी ‘गुपचुप’ या नावाने मिळते. टाउनशिपमध्ये डोसा आणि कॉफीसाठी इंडियन कॉफी हाऊस. तिथे घाई करू नये, आजूबाजूच्या टेबलांवर निवृत्त कामगारांच्या गप्पा रंगलेल्या असतात.

पण खरी छत्तीसगढी चव घरात आहे, म्हणून ओळख काढून कुणाच्या तरी घरी जेवाच. उन्हाळ्यात बोरे-बासी. भात शिजवून त्याच दिवशी पाण्यात घातला तर बोरे, रात्रभर पाण्यात ठेवला तर बासी. सोबत कांदा, हिरवी मिरची, टोमॅटोची चटणी, एखादी भाजी. वरचं आंबूस पाणीही प्यायचं. मेच्या उन्हात याहून चांगलं पेय मला माहीत नाही. तांदळाच्या पिठाचा चीला, म्हणजे आपलं धिरडं. आणि फरा: तांदळाच्या पिठाचे लांबट मुटके वाफवून तीळ-मिरचीची फोडणी दिलेले.

संध्याकाळ देवबलोदासाठी राखून ठेवा. भिलाई-3 जवळच्या चरोद्याला लागून हे कलचुरी काळातलं दगडी शिवमंदिर आहे. बाहेरच्या भिंतींवर कोरीव काम खच्चून भरलंय, कळस मात्र अपुरा. गावात कथा सांगतात ती अशी. शिल्पकार विवस्त्र होऊन काम करी आणि बायको त्याचं जेवण आणून देई. एके दिवशी तिच्याऐवजी बहीण आली आणि लाजेने त्याने शेजारच्या कुंडात उडी घेतली. ते कुंड तिथेच आहे, त्यात मासेही आहेत. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते.

तारीख निवडता येत असेल तर आपल्या पोळ्याच्या सुमारास या. त्याच दिवशी इथे ‘पोरा’ असतो. सुपेल्याच्या बाजारात मातीचे बैल, मातीची जाती-चुली मांडलेली असतात आणि घरोघरी बेसनाची ठेठरी, गूळ-कणकेची खुरमी तळली जाते. दोन्ही आठवडाभर सहज टिकतात, तेव्हा परतताना पिशवीत भरपूर घ्या. फरा तेवढा बांधून नेऊ नका, तो इथेच गरम खायचा.