ग्रासकटर सुरू होत नाही? दोरी ओढण्याआधी हे पाहा

कोकणात जूनच्या चार सरी पडल्या की गवत बघता बघता गुडघ्याला लागते. आंब्या-काजूची बाग, घरामागचे परडे, शाळेचे मैदान, कबरस्तान, सगळीकडे एकाच वेळी रान माजते. रत्नागिरीच्या बाजूला या गवतात फुरसे असते, तेव्हा ते कापणे ही हौस नव्हे. त्यातही बागेचे गवत आठवडाभर थांबेल, मय्यत थांबत नाही. भर पावसात निरोप येतो, कबर खोदायला माणसे निघतात आणि जमातीने वर्गणी काढून घेतलेला ग्रासकटर नेमका त्या सकाळी रुसून बसतो.

मग दोरीची ओढाओढ सुरू होते. एक दमला की दुसरा. एवढ्याने इंजिन आत पेट्रोलने भिजते, कधी दोरीच तुटते, आणि घरच्या घरी सुटणारा बिघाड मेकॅनिककडे जातो. पाच-सहा वेळा ओढूनही काही घडले नाही, तर थांबावे आणि शोधायला लागावे.

इंजिनाला चांगले पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. यांतले काय कमी आहे ते ओळखायचे. पण त्याआधी हँडलवरचा स्विच पाहा. तो 'बंद'वर असेल तर पहिलवान आणला तरी मशीन सुरू होणार नाही. हसू नका, असे पुष्कळदा घडते.

मशीन गेल्या पावसाळ्यानंतर प्रथमच काढले असेल, तर माझा पहिला संशय टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यातला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेला चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. शिवाय हल्ली पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. 2023 पासून असे पेट्रोल येऊ लागले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि कोकणात ओलीला काय तोटा! पुष्कळ लहान इंजिनांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते, म्हणून आपली पुस्तिका एकदा वाचावी आणि लागेल तेवढेच पेट्रोल आणावे. जुने पेट्रोल मात्र पूर्ण काढून टाका. त्यातच नवे ओतून भागत नाही.

टाकीत नळीच्या टोकाला एक छोटा फिल्टर असतो. वाकवलेल्या तारेने तो बाहेर ओढा. काळा पडला असेल तर बदला, फार महाग नसतो. कार्बोरेटरजवळचा पारदर्शक रबरी फुगा सात-आठ वेळा दाबल्यावर त्यात पेट्रोल दिसायला हवे. दिसले नाही, तर नळीला चीर गेली आहे किंवा फिल्टर तुंबला आहे.

यानंतर प्लग काढा. प्लग बोलका असतो. कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला निघाला तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. काळी काजळी असेल तर तेल जास्त झाले किंवा हवेचा फिल्टर कोंदला आहे. फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा. ओला प्लग पुसून वाळवा, चोक उघडा ठेवून प्लगशिवायच दोरी काही वेळा ओढा, म्हणजे आतले जादा पेट्रोल बाहेर पडते. हे चुलीपासून, विडीपासून लांब, उघड्यावर करायचे. ठिणगी पाहायची असेल तर प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवून दोरी ओढतात, पण प्लगच्या रिकाम्या भोकाजवळ ते कधीही करू नये. तिथून पेट्रोलची वाफ फवारत असते. ठिणगी दिसली नाही तर आधी नवा प्लग लावून पाहा.

थंड इंजिनाला चोक लावून ओढताना एकदा 'फट्' असा आवाज येतो. तिथेच चोक उघडायचा असतो. लोक तसेच ओढत राहतात आणि प्लग भिजवतात.

एवढे करूनही दोरी अगदी हलकी, विरोधाशिवाय येत असेल, किंवा अजिबात हलतच नसेल, तर पाना खाली ठेवा आणि मेकॅनिक गाठा. पिस्टन किंवा त्याच्या रिंगा गेल्या असण्याची शक्यता आहे. टू-स्ट्रोक मशीनमध्ये तेल न मिसळता नुसते पेट्रोल घातले की हेच होते, आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. प्रमाण कंपनीगणिक वेगळे असते. एका लिटरला 25:1 म्हणजे 40 मिली तेल, 50:1 म्हणजे 20 मिली. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल साधे आणि तेल वेगळ्या जागी. जमातीच्या मशीनला दहा हात लागतात, आधीच्याने काय घातले हे पुढच्याला ठाऊक नसते. म्हणून टाकीवरच ठळक रंगाने प्रमाण लिहून ठेवावे आणि मशीनची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी.

उरलेले मिश्रण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेले मूल रंग पाहत नाही. आणि ऑक्टोबरात शेवटचे गवत कापून झाले की टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच माळ्यावर टाका.