पद्मिनीचा सायलेन्सर घरच्या घरी

दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी पाहायला गर्दी लोटते, तशी आमच्या पद्मिनीकडे कोण बघणार! पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही 1089 सीसीची गाडी अजून घरातली मानाची आहे. आवाज फाटायला लागला की समजायचं, सायलेन्सर गेला.

तो सडतो बहुधा आतून. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. गाडी नुसती रंकाळ्यापर्यंत फिरवून आणली, तर मागचा डबा पुरेसा तापत नाही, पाणी आतच साठतं आणि पत्रा खातं. आठवड्यातून एकदा हायवेला न्या, हाच खरा उपाय.

गळती शोधायची तर इंजिन थंड असताना चालू करा आणि जाड फडक्याने मागची नळी क्षणभर दाबा. फुसफुस ऐकू येईल. जोडावर काळी काजळी दिसली तरी जागा तीच. हे सगळं उघड्यावरच करायचं. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, आधाराचे घोडे (स्टँड) लावा. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारा. मॅनिफोल्डला नवं गॅस्केट आणि पितळी नट घाला, पुढच्या वेळी ते सहज सुटतात. वेल्डिंग मात्र गाडीखाली नको, मागे पेट्रोलची टाकी आहे. नळी काढून सरळ उद्यमनगरात वेल्डरकडे न्या. लटकवायचे रबरही त्याच फेरीत बदला, नाहीतर नवा जोड हादऱ्याने पुन्हा तुटेल.