निदानाचं मोल

मृग लागण्याआधी कौलारू घर शाकारून घ्यायची कोकणातली जुनी रीत आहे. आगोटीच्या दिवसांत लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवण्याइतकंच हे काम महत्त्वाचं. छप्पर गळतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे, हे शाकारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. फुटक्या कौलातून आत आलेलं पाणी रिपेवरून, वाशावरून घसरत चार हात लांब जाऊन जमिनीवर पडतं. म्हणून जाणता माणूस टपकणाऱ्या जागेच्या बरोबर वरचं कौल उचलत नाही. भर दुपारी आतल्या अंधारात उभा राहून तो वर पाहतो, कवडसा कुठून येतो ते हेरतो आणि मग छपराला हात लावतो. कौल बदलणं सोपं असतं; नेमकं कोणतं बदलायचं, ते हेरणं ही विद्या. गाडीच्या आणि घराच्या दुरुस्तीतही खरी विद्या हीच आहे, आणि नेमका तिलाच आपण दाम देत नाही, असं माझं म्हणणं आहे. सुट्या भागाचं बिल आपण मुकाट भरतो, मजुरीवर घासाघीस करतो, आणि ‘काय बिघडलंय’ ते शोधून काढण्याचे पैसे कुणी मागितले तर चकित होतो. या सवयीचा फटका शेवटी ग्राहकालाच बसतो.

हा मुद्दा तपासून पाहायला पेण-रोह्याचा टापू योग्य आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी, तिच्या कडेने खारबंदिस्तीची शेतं आणि मिठागरं. म्हणजे हवेत ओल आणि मीठ दोन्ही. मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पूर्वीचा १७ क्रमांकाचा हा रस्ता आता ६६ क्रमांकाने ओळखला जातो. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली आणि ते दशकभराहून अधिक काळ रेंगाळलं. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत यांची अवजड वाहतूक याच भागातली. नागोठणे, रोहा, वडखळ, अलिबाग अशी माणसं वाहणारी मिनिडोर याच रस्त्यांवर दिवसभर पळते. गणपतीच्या आधी हमरापूर, जोहे आणि पेण शहरातल्या कारखान्यांमधून मूर्ती भरलेले टेम्पो निघतात, तेव्हा टेम्पोचा एक ढिला बुश म्हणजे मूर्तीच्या हाताला तडा. एमएच-०६ हा क्रमांक देणारं परिवहन कार्यालयही पेणलाच आहे. पाऊस, मीठ, खड्डे आणि ओझं अशी चारही संकटं इथल्या गाडीच्या वाट्याला एकदम येतात.

या चौघांची गंमत अशी, की ती लक्षण एका जागी दाखवतात आणि दुखणं दुसऱ्या जागी ठेवतात. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याचा वेग वाढतो. गाडीत बॅटरीच्या ऋण टोकाची जोडणी पत्र्याला केलेली असते आणि दिव्यांकडून परतणारी वीज त्या पत्र्यातूनच येते. जिथे या जोडणीची (अर्थिंगची) तार बोल्टने पत्र्याला कसलेली असते, तिथे गंजाचा पापुद्रा धरला की वाट अडते. मग इंडिकेटर दिला की शेजारची पार्किंग लाईट लुकलुकते, हेडलाईट मंद होतो, सकाळी स्टार्टर जड फिरतो. मालक म्हणतो, बॅटरी बसली. नवी बॅटरी येते, तिच्या ताज्या जोरावर महिना-दोन महिने बरे जातात आणि पुढच्या पावसात तक्रार परत उभी राहते. खरं काम होतं एक बोल्ट सोडून पॉलिशपेपरने पत्रा घासण्याचं, परत आवळून वर ग्रीस लावण्याचं.

याचा छडा लावायला लागतं ते चार-पाचशे रुपयांचं साधं मल्टिमीटर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची निरोगी, भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांमध्ये हा आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जातो. तो वर चढलाच नाही, तर संशय अल्टरनेटरवर किंवा त्याच्या पट्ट्यावर. आकडे ठीक असूनही स्टार्टर जड असेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून स्टार्टर मारायचा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची तार दोषी. या तपासणीला पंधरा मिनिटं लागतात, आणि तिच्यामुळे बॅटरीचे हजारो रुपये वाचू शकतात. प्रश्न एवढाच, की या पंधरा मिनिटांचे पैसे गॅरेजवाल्याला कोण देतो?

आजच्या रिवाजात कुणीच देत नाही, आणि त्याचे परिणाम सरळ हिशेबाचे आहेत. बोल्ट घासून दिला तर ग्राहक पन्नास रुपये पुढे करतो आणि ‘एवढंच तर होतं’ म्हणतो. बॅटरी बदलली तर विक्रीतली सूट मेकॅनिकच्या हाती पडते आणि ग्राहकही ‘काम झालं’ म्हणून समाधानाने जातो. म्हणजे आपण अचूक माणसाला कमी आणि अंदाजाने भाग बदलणाऱ्याला जास्त देतो. खड्ड्यात पुढच्या बाजूने ‘टक्-टक्’ आवाज येतो, तेव्हा दोष लिंक रॉडचा, बॉल जॉइंटचा, आर्मच्या बुशचा किंवा शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा असू शकतो. हे भाग एकेक करून हलवून पाहायचे तर गाडी जॅकवर घ्यायला हवी, खाली झोपायला हवं, पहारीने तोलायला हवं. त्या मेहनतीला दर नसला, की पोट सांभाळणारा माणूस सगळे भाग बदलण्याचा सल्ला देतो. त्याच्या नीतीला दोष देण्याआधी आपण ठरवलेला दर पाहायला हवा.

घराचंही तेच. पावसाळा सरला, भिंतीवर ओलीचे नकाशे उमटले, की रंगारी येतो, जलरोधकाचे दोन हात देतो आणि पुढच्या श्रावणात नकाशा जागच्या जागी परत येतो. ओल तीन वाटांनी येते आणि प्रत्येकीची ओळख वेगळी. जोत्यापासून वर चढून कमरेएवढ्या उंचीवर थांबणारी ओल बहुधा जमिनीतून येते. खारपट भागात तिच्यासोबत भिंतीवर पांढरा खार फुलतो. पावसासोबत येणारी आणि पावसासोबत ओसरणारी ओल गच्ची, कठडा, खिडकीचा छज्जा किंवा भिंतीच्या भेगेची. मार्च-एप्रिलमध्येही न वाळणारी ओल नळाच्या नाही तर न्हाणीघराच्या पाइपाची. तिसऱ्या प्रकारावर पहिल्याचा उपाय केला, तर पैसे पाण्यातच जातात. स्लॅबच्या सळईचं दुखणं याहून खोल. खारी वाळू किंवा खारी हवा यांमुळे क्लोराइड सळईपर्यंत पोचलं, की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटचा पापुद्रा आतून फोडतो. वरून गिलावा थापला तर गंज झाकला जातो, थांबत नाही. इथे इंजिनिअरने हातोडीने ठोकून, पोकळ आवाज ऐकून, गरज पडली तर सळई उघडी करून पाहायला हवं. आणि तेही निदानच आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की आता निदान यंत्रच करतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. इंजिनवर पाळत ठेवणारा संगणक त्याआधीपासून गाड्यांत होता, आता तो अधिक कडक झाला. स्कॅनर लावला की संकेतांक मिळतो, मग मेकॅनिकच्या कानाला आणि हाताला किंमत कशाला? पण संकेतांक हा त्या टपकणाऱ्या थेंबासारखा असतो. ‘पी ०१७१’ हा अंक दिसला, तर त्याचा अर्थ इंजिनला हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, एवढाच. त्यामागे फाटलेला रबरी होज, मळलेला हवामापक सेन्सर, दमलेला इंधनपंप किंवा चोंदलेला फिल्टर यांपैकी काहीही असू शकतं. अंक वाचून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणारा माणूस ओल्या जागेवरचं कौल बदलतो आहे. यंत्राने निदानाची गरज वाढवली आहे, कारण चुकीच्या अंदाजाने बदललेला सेन्सर आता बॅटरीइतकाच महाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. एवढी अचूकता हवी तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं, गावातल्या गॅरेजकडे माहिती कुठली? हा प्रश्न आपल्या देशात अधिकृतपणे तपासला गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि एकूण अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना न मिळू देणं ही स्पर्धेची गळचेपी आहे, असं आयोगाने मानलं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असाही आदेश त्यात होता. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली, पण तत्त्व स्पष्ट झालं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केलं. गावातल्या मेकॅनिकला माहिती कमी पडत असेल, तर ती त्याच्यापर्यंत पोचवणं हा उपाय आहे. रोह्याच्या माणसाला दर दुखण्यासाठी गाडी पनवेलला न्यायला लावणं, हा नव्हे.

तिसरा आक्षेप गरिबाच्या बाजूचा. दिवसाच्या फेऱ्यांवर घर चालवणाऱ्या मिनिडोरवाल्याला निदानाचा वेगळा दर कसा परवडेल? आणि पैसे घेऊनही निदान चुकलं तर? ही शंका रास्त आहे. समजा, तपासणीचे तीनशे रुपये आधी ठरले आणि दुखणं सापडलं ते अर्थिंगचं. ग्राहकाचा खर्च तीनशेच्या थोडा पुढे थांबतो. तपासणी फुकट मागून बॅटरी बदलली असती, तर त्याच्या दसपट खर्च आणि दुखणं जागेवर. आठवड्यात दुसऱ्यांदा गाडी उभी राहिली, तर फेऱ्या बुडतात त्या वेगळ्याच. फसवणुकीला आळा घालायचा तर व्यवहार उघडा हवा. काय तपासलं आणि काय आढळलं ते कागदावर दोन ओळींत लिहून मिळावं, काढलेला जुना भाग हातात मिळावा, आणि काम त्याच गॅरेजमध्ये केलं तर तपासणीची रक्कम मजुरीत वळती व्हावी. डॉक्टरची तपासणी फी देताना आपण औषधाच्या दुकानाचं बिल वेगळं धरतोच. तोच न्याय इथे लावायचा आहे.

निदानाचा अर्धा भाग मात्र मालकाकडे असतो, आणि घरी हत्यारांची पेटी ठेवणाऱ्या हौशी माणसाचं महत्त्व इथेच आहे. आवाज थंड इंजिनला येतो की गरम झाल्यावर, ब्रेक दाबल्यावर की वळणावर, पाऊस पडून गेल्यावर की कोरड्यातही, हे ज्याने टिपलं आहे, त्याने मेकॅनिकचा तास वाचवला. टायरची हवा, कूलंट आणि ऑइलची पातळी, बॅटरीच्या टर्मिनलवरचा खार, वायपरचं रबर, एअर फिल्टर, चाकांच्या कमानीत अडकलेला चिखल ही कामं घरच्या अंगणात होतात आणि व्हायला हवीत. पावसाळ्याच्या शेवटी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणं, ही खाडीकाठच्या गाडीची शाकारणीच समजावी. हौशी माणसाने आपली हद्दही ओळखावी. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि इंधनाची नळी जाणकारावर सोडावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, खाली पक्के स्टँड हवेतच. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, कारण आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. घरातही, तीस मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारा आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर तो ‘बायपास’ करणं म्हणजे इशारा देणाऱ्याचं तोंड दाबणं होय.

नुसत्या डोळ्यांवर भिस्त का ठेवू नये, हे ब्रेक ऑइलवरून कळतं. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. सतत ब्रेक लावावा लागला, तर आत वाफ धरते आणि पेडल खाली जातं. बाटलीतली पातळी बरोबर, रंगही ठीक, आणि तरीही ऑइल थकलेलं! म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. कोकणच्या दमट हवेत ही मुदत पाळायलाच हवी, आणि त्यासाठी मुदतीचा हिशेब ठेवणारा मालक व मोजमाप करणारा मेकॅनिक दोघेही लागतात.

शोधण्याच्या कामाला दर मिळाला, तर ते शिकण्यालाही अर्थ येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून शिकलेल्यांच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोयही केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. पण विजेची आकृती वाचू शकणाऱ्या आणि नुसता पाना फिरवणाऱ्या मुलाला बाजारात सारखीच मजुरी मिळत असेल, तर तो रात्री पुस्तक का उघडेल? म्हणून सुरुवात ग्राहकाने करायची आहे. यंदा पाऊस सरल्यावर गाडी गॅरेजला न्याल किंवा भिंतीची ओल दाखवायला मिस्त्रीला बोलवाल, तेव्हा ‘काय बदलायचं?’ असं विचारण्याआधी ‘काय सापडलं, आणि कसं सापडलं?’ असं विचारा. उत्तर पटलं, तर त्या उत्तराचे पैसे वेगळे मोजून द्या.