विजेची सांठवण

धान्य कणगींत भरून ठेवतां येतें, पाणी हंड्यांत राहतें; वीज मात्र उत्पन्न होते त्याच क्षणीं खर्ची पडावी लागते. घरांतील बटण दाबलें कीं दिवा लागतो. पण त्या एका दिव्यापुरता जादा भार दूरच्या जनित्रावर तत्काळ पडलेला असतो. मागणी आणि उत्पादन यांचा हा मेळ अखंड राखावा लागतो. तो तुटला म्हणजे काय होतें, तें दक्षिण ऑस्ट्रेलियानें २०१६ सालीं पाहिलें.

त्या राज्यांत वारा विपुल. पवनचक्क्यांची वीज पुष्कळ वाढली होती, आणि पोर्ट ऑगस्टा येथील शेवटचें कोळशाचें वीजघर मे महिन्यांत बंद झालें होतें. २८ सप्टेंबर रोजीं प्रचंड वादळ आलें. वीज वाहून नेणारे मनोरे कोसळले, तारांवरील दाब दोन मिनिटांत अनेकदां खालीं आला, आणि कित्येक पवनचक्क्या एकाएकीं जाळ्यांतून सुटल्या. सुमारें ४५६ मेगावॅटांची ती तूट शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या एका वाहिनीवर पडली. तिला तो भार सोसला नाहीं. सुमारें साडेआठ लक्ष ग्राहक अंधारांत बुडाले.

लागलीच वाद माजला. वाऱ्यावर विसंबणाऱ्या राज्याचें असेंच व्हावयाचें, असें एक पक्ष म्हणूं लागला. चौकशींतून जें निघालें तें त्याहून साधें होतें. ठराविक वेळांपेक्षां अधिकदां दाब घसरला तर यंत्रानें आपण होऊन बाजूस व्हावें, अशी योजना त्या पवनचक्क्यांत केलेली होती, आणि जाळें चालविणारांना तिची माहिती नव्हती. ती पुढें बदलण्यांत आली. दोष वाऱ्याचा नव्हता. तरीहि कोळशाचें वीजघर गेल्यानें एक गोष्ट गमावली होती, हें मान्य केलें पाहिजे.

ती गोष्ट म्हणजे जडत्व. मोठ्या वीजघरांतील शेंकडों टन वजनाचीं चक्रें अविरत फिरत असतात. ऑस्ट्रेलियांत, हिंदुस्थानांतल्याप्रमाणेंच, विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो. मागणी अकस्मात् वाढली तर हीं चक्रें मंदावतात खरीं, परंतु अंगच्या जोरावर कांहीं क्षण निभावून नेतात. तेवढ्यांत वाफेचें द्वार अधिक उघडतां येतें. सूर्यपट्टाला फिरणारें चक्रच नाहीं, आणि नव्या पवनचक्क्यांचें चक्र जाळ्याशीं तसें थेट जखडलेलें नसतें. ही उणीव कोणी भरून काढावी?

उत्तरादाखल जेम्सटाऊन गांवाजवळ हॉर्न्सडेल येथें लिथियमच्या बॅटऱ्यांची प्रचंड माला उभी राहिली. करार झाल्यापासून १०० दिवसांत काम पुरें न झाल्यास दाम घेणार नाहीं, अशी पैज टेस्ला कंपनीचे ईलॉन मस्क यांनीं लावली होती. ती त्यांनीं जिंकली, आणि १ डिसेंबर २०१७ रोजीं केंद्र रीतसर सुरू झालें. शक्ति १०० मेगावॅट, सांठा १,२९,००० युनिटांचा. आंकडा डोळे दिपविणारा खरा. पण राज्याची सर्वसाधारण मागणी सुमारें १,४०० मेगावॅट धरली, तर एवढी वीज सहा मिनिटेंहि पुरत नाहीं. रात्रभर राज्य उजळावें हा तिचा उद्देशच नव्हता.

तिची करामत चपळाईंत आहे. बॅटरींत लिथियमचे भारित कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे सरकतात. तेथें वाफ नाहीं, चक्र नाहीं. एकमार्गी प्रवाह उलटसुलट करणारीं यंत्रें सेकंदाच्या अंशांत आज्ञा पाळतात. त्याच डिसेंबरच्या मध्यास व्हिक्टोरियांतील एक ५६० मेगावॅटांचें कोळशाचें यंत्र बंद पडलें आणि आवर्तनें घसरूं लागलीं, तेव्हां नेमून दिलेलें वीजघर सरसावण्यापूर्वींच हॉर्न्सडेलनें मदत केली. वृत्तपत्रांनीं तिचा मोठा गाजावाजा केला. वास्तविक ती अवघ्या सात-एक मेगावॅटांची होती.

२०२० सालीं ही माला दीडपट करण्यांत आली. पण यंत्र चपळ असलें म्हणजे व्यवहार चोख असतो असें नाहीं. जी राखीव सेवा देण्याबद्दल पैसे मिळत होते, ती २०१९ सालीं कांहीं महिने देण्यास हें केंद्र समर्थ नव्हतें, म्हणून २०२२ सालीं न्यायालयानें ९ लक्ष डॉलर दंड ठोठावला.

तासन् तास पुरेल अशा सांठ्याची गरज निराळी, आणि तीसाठीं जुना उपाय अद्याप टिकून आहे. सह्याद्रींतील घाटघर येथें जादा विजेनें खालचें पाणी वरच्या जलाशयांत चढवितात, आणि मागणीच्या वेळीं तेंच पाणी खालीं सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज काढतात. त्याला मात्र डोंगर लागतो, आणि वर व खालीं अशा दोन तळ्यांपुरती जागा लागते. बॅटरी सपाट माळावर कांहीं महिन्यांत बसते.

तिचें भय आहे तें आगीचें. जानेवारी २०२५ मध्यें कॅलिफोर्नियांतील मॉस लँडिंग येथें जुन्या वीजघराच्या इमारतींत रचलेल्या बॅटऱ्या पेटल्या, आणि आसपासच्या हजाराहून अधिक लोकांना घरें सोडावीं लागलीं. त्या निकेल व कोबाल्ट घातलेल्या जातीच्या होत्या. आतां नव्या केंद्रांत बहुधा लोह व फॉस्फेट यांची जात वापरतात. ती त्यामानानें सहसा पेट घेत नाहीं, आणि पेट्या एका छपराखालीं न रचतां उघड्यावर अंतर राखून मांडतात.