महालक्ष्मीची आंबील

जालना जिल्ह्यातील जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. सोलापूर जिल्ह्यात पुण्याच्या हमरस्त्यावर असलेल्या टेंभुर्णीशी त्याचे केवळ नामसाम्य. केळना आणि पूर्णा यांच्या संगमावरील जाफ्राबादभोवतीचा हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, पुढे बराच काळ औरंगाबाद जिल्ह्यात राहिला, आणि 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्यात आला. सरकारी दप्तरात अशी स्थित्यंतरे होत असता मराठवाड्यातील घराघरांत ज्या गोष्टीत फारसा पालट झाला नाही, ती म्हणजे भाद्रपदातील महालक्ष्म्यांचा नैवेद्य. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते, आणि त्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या व कढी यांच्या जोडीला ज्वारीची आंबील लागतेच. ज्या सणाची सारी सूत्रे स्त्रियांच्या हाती आहेत, त्या सणाच्या ताटात आंबवलेल्या धान्याला हे मानाचे स्थान असावे, ही बाब आज स्त्रियांच्या आतड्यांचा आणि संप्रेरकांचा जो शास्त्रीय ऊहापोह चालू आहे त्याच्या प्रकाशात पाहण्याजोगी आहे.

आंबिलीची रीत घरोघर थोडी निराळी असली, तरी तिचे सूत्र एकच. ज्वारीचे पीठ आदल्या रात्री आंबट ताकात कालवून झाकून ठेवायचे. सकाळी त्याला आंबूस वास सुटला की आधणाच्या पाण्यात ते हळूहळू सोडून, गुठळी होऊ न देता शिजवायचे. मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालायचा, आणि निवल्यावर पुन्हा ताक घालून ती पातळ करून प्यायची. या शेवटल्या क्रियेला मी फार महत्त्व देतो. रात्रभर पिठात वाढलेले दुग्धाम्ल जिवाणू शिजवताना उष्णतेने मरतात. निवलेल्या आंबिलीत वरून घातलेल्या ताकातून मात्र ते जिवंत स्थितीत पोटात जातात. जेथे उकळत्या आंबिलीतच सगळे ताक ओतले जाते, तेथे हा लाभ हुकतो. तथापि आंबवण्याचा दुसरा लाभ शिजवल्यानेही नष्ट होत नाही, आणि या भागातील स्त्रियांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. ज्वारीत लोह असते, पण धान्यातील फायटिक आम्ल ते बांधून ठेवते, त्यामुळे त्यातला थोडाच अंश रक्तापर्यंत पोहोचतो. पीठ आंबू लागले की वाढत्या आम्लतेत धान्यातीलच एक विकर जागे होऊन हे बंधन सैल करते, आणि लोह व जस्त शरीराला अधिक प्रमाणात मिळू शकते. उन्हाळ्यातील कुरडयांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठीही गहू तीन दिवस भिजवून आंबवतात. परंतु चीक तेवढा ठेवून कोंडा टाकून दिल्याने गव्हातील बहुतेक खनिजे कोंड्याबरोबर जातात. कुरडई चवीला उत्तम असली, तरी आरोग्याच्या हिशेबात तिला आंबिलीच्या पंक्तीला बसवता येणार नाही.

लोहाचा एवढा विचार करण्याचे कारण उघड आहे. 2019 ते 2021 या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे मधल्या काळात स्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. अंगात रक्त कमी, त्यातच दर महिन्याचा स्राव, त्यावर बाळंतपणे आणि शेतीची मेहनत, अशा शरीराकडून सुरळीत पाळीची आणि उत्साहाची अपेक्षा कशी करावी?

आता संप्रेरकांकडे वळू. अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन आपले कार्य संपल्यावर यकृतात जाते. तेथे त्याला एक जोड लागून ते निष्क्रिय होते आणि पित्ताबरोबर आतड्यात उतरते. आतड्यातील काही जिवाणू ही जोड तोडू शकतात, आणि मग मोकळे झालेले इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषले जाते. न्यूयॉर्कच्या क्लॉडिया प्लॉटेल आणि मार्टिन ब्लेसर यांनी 2011 मध्ये अशा जिवाणूंच्या जनुकसमूहाला ‘इस्ट्रोबोलोम’ ही संज्ञा दिली. आतड्यातील जिवाणूंची वस्ती बदलली तर शरीरातील इस्ट्रोजेनचा तोलही बदलू शकतो, असा या विचाराचा रोख आहे. पुढे 2021 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 36 निरोगी प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर, किमची यांसारखे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातील जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि रक्तातील दाहाशी संबंधित 19 प्रथिनांचे प्रमाण घटले. हे निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु त्या प्रयोगात आंबील नव्हती, त्यात पाळीचा किंवा अंडाशयाच्या विकारांचा निर्णय लागलेला नव्हता, आणि छत्तीस माणसांवरून साऱ्या स्त्रीजातीचा हिशेब मांडता येत नाही. ताक प्याल्याने अंडाशयातील गाठी विरतात किंवा अनियमित पाळी ठिकाणावर येते, असे जे सर्रास सांगितले जाते त्याला आज भक्कम आधार नाही, आणि तसे सांगणारा रोग्याचे नुकसान करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोकसमजुतीचा प्रवाह तर नेमका उलट दिशेने वाहतो. ‘आंबट खाल्ले की अंगावरून जाते’ असे म्हणून वयात आलेल्या मुलीपुढचे ताक उचलणाऱ्या वडीलधाऱ्या बाया खेडोपाडी आहेत. बाळंतिणीला आंबट वर्ज्य. आणि पाळीच्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला किंवा विरजणाला हात लावण्याचीच बंदी. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने आणि कमी पडलेल्या मिठा-तेलाने. त्यात विटाळाचा काही संबंध नाही. अंगावरून पांढरे जाण्याविषयी तर शास्त्राने जे सांगितले आहे ते प्रत्येक मुलीला कळायला हवे. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ अल्बर्ट डोडरलाइन यांनी 1892 मध्येच दाखवून दिले, की निरोगी योनीमार्गात दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू वसतात, आणि त्या आम्लतेमुळेच पुष्कळसे रोगजंतू तेथे टिकाव धरू शकत नाहीत. ते दह्यातील जिवाणूंचे नातलग असले तरी त्यांच्या जाती वेगळ्या आहेत, म्हणून केवळ दही खाऊन जंतुसंसर्ग बरा होईल असे मानू नये; पण ताकाने तो होतो ही भीती निराधार आहे. दुर्गंधी, खाज किंवा रंग बदललेला स्राव असेल तर तपासणी हाच मार्ग.

मग ताक घरातून गेले कसे? याचे उत्तर समजुतींपेक्षा व्यवहारात अधिक सापडते. दूध टिकत नसे आणि शहर दूर असे, त्या काळी बाजारात विकले जाई ते तूप. दही घुसळून लोणी काढले की डेऱ्यात उरलेले ताक घरच्यांसाठी, गड्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी विनामूल्य असे. 1970 पासूनच्या दुग्धक्रांतीनंतर संकलन केंद्रे गावोगाव पोहोचली आणि दूधच रोकड झाले. घराला पैसा मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु रवी थांबली आणि तिच्याबरोबर ताक-कण्यांची न्याहारीही मागे पडली, तिची जागा चहाने घेतली. चहातील टॅनिन लोहाच्या शोषणाला अडथळा करते. शेतातही कापूस व सोयाबीन वाढत गेले तशी ज्वारी आक्रसली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला आहे. त्याच्या पिठाची आंबील या प्रदेशाला दुहेरी हिताची ठरेल.

अन्नाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांविषयी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासकीय समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जेथे एका दिवसाच्या खाड्यालाही दंड भरावा लागतो, तेथे पाळीच्या त्रासावर सवड मिळून नीट उपचार होणार तरी कसे? या अन्यायाचे निवारण कोणत्याही आहाराने होणार नाही.

टेंभुर्णीच्या आणि तिच्यासारख्या गावांतील मंडळींना माझी एवढीच विनंती आहे, की केंद्रावर दूध घालताना घरच्या विरजणापुरते मागे ठेवावे, आणि आंबील महालक्ष्म्यांपुरती न ठेवता आठवड्यातून दोन-तीनदा करावी व ती सुना-मुलींना सर्वांच्या बरोबरीने वाढावी. सरकारी लोहाच्या गोळ्या कॅल्शियममुळे ताकासोबत घेऊ नयेत, लिंबाच्या पाण्यासोबत घ्याव्यात. आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली आले, किंवा पाळी तीन महिने चुकली, तर आंबिलीवर विसंबून न राहता तिला डॉक्टरांकडे न्यावे.