खेळयंत्राच्या सुट्या नियंत्रणफळ्या

घरी आर्केड-यंत्र बांधू पाहणाऱ्यापुढे पेटीचा वा पडद्याचा प्रश्न गौण असतो. खरी अडचण हातापाशी येते. १९८० च्या 'पॅक-मॅन'ला चार दिशांची दांडी पुरते. तेथे आठ दिशांची बसविली, तर तिरक्या स्थितीत दोन कळा एकदम दाबल्या जातात व ऐन वळणावर आज्ञा संदिग्ध होते. खेळाडू हरतो, दोष मात्र त्याचा नसतो! १९८१ च्या 'टेम्पेस्ट'ला फिरती मूठ हवी, त्याच वर्षीच्या 'सेंटिपीड'ला गोळा. या दोहोंतील दिशाज्ञानाची युक्ती मोठी चतुर आहे. खाचा पाडलेल्या चकतीजवळ दोन प्रकाशग्राहक पाव आवर्तनाच्या अंतराने बसविलेले असतात. त्यांतील कोणता आधी चेततो, यावरून भ्रमण उजवे की डावे हे कळते. एकाच दांडीवर सारे खेळ चालविल्यास चित्र तेवढे मूळचे राहते, खेळ राहत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून नियंत्रणफळ्या सुट्या असाव्यात व प्रत्येकीच्या तारा एकाच सामाईक जोडणीत याव्यात. जपानमध्ये १९८५ साली ठरलेल्या 'जामा' जोडणीत ५६ टोके होती. परंतु ती दांडी व कळा यांपुरतीच आखलेली असल्याने गोळ्याची सोय निराळी करावी लागे. घरगुती जोडणीत गोळ्याच्या दोन अक्षांसाठी चार संकेततारा आणि प्रकाशग्राहकांसाठी वीजपुरवठ्याची तार आरंभीच राखून ठेवावी.