शिरूर-दौंडचा आठवडे बाजार

आठवड्यातल्या ठरलेल्या वारी सकाळी भरून त्याच संध्याकाळी उठणारी पेठ म्हणजे आठवडे बाजार. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत आसपासच्या खेड्यांचा भाजीपाला, धान्य, मिरची-मसाला, कपडालत्ता आणि शेतीची अवजारे यांची बरीचशी खरेदी आजही याच पेठेत होते. शिरूरचा बाजार शनिवारी भरतो, दौंडचा रविवारी.

ही दोन्ही गावे बाजारपेठ म्हणून वाढली ती वेगवेगळ्या कारणांनी. घोड नदीच्या काठचे शिरूर, म्हणजेच घोडनदी, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथे इंग्रजांची छावणी पडली आणि तिच्या आधाराने धान्य, कापड व सावकारीचा व्यापार स्थिरावला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने शिरूरच्या बाजारात गुरे व घोडे मोठ्या संख्येने विकले जात असल्याची नोंद केली आहे. भीमेकाठच्या दौंडला वाढवले ते रेल्वेने. पुण्याहून सोलापूरच्या दिशेने जाणारा लोहमार्ग १८५८ मध्ये या भागातून गेला, १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. मालाची चढउतार आणि रेल्वे कामगारांची वस्ती यांमुळे येथील बाजाराला कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

आठवडे बाजाराचे मोल कळायचे तर १८७०-८० च्या दशकातील या प्रदेशाकडे पाहावे लागते. तेव्हा शेतकऱ्याचे बी-बियाणे, कपडा आणि सणासुदीचा खर्च सावकाराच्या वहीतून होई. दुकानदार आणि सावकार बहुधा एकच असे. त्यामुळे माल कोणत्या भावाने घेतला आणि कर्ज किती झाले, दोन्ही तोच ठरवी. शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी दंगा उसळला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या या उठावाच्या मुळाशी वहीवरचे कर्ज होते. आठवडे बाजाराचा व्यवहार याच्या उलट चालतो. पैसे रोख, भाव उघड आणि एकाच मालाचे दहा विक्रेते एका रांगेत. न पटल्यास गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे वळते. ही मोकळीक हाच या संस्थेचा गाभा आहे.

बाजार एकटा कधीच नसतो. वारांची एक साखळी असते. यवतला शुक्रवारी, भीमेपलीकडे श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीला शनिवारी, दौंडला रविवारी, जुन्नर तालुक्यातील बेल्ह्याला सोमवारी बाजार भरतो. कापडवाला, भांडीवाला, मसालेवाला टेम्पोत माल भरून आठवडाभर अशी गावे फिरतो. एका गावात रोज दुकान मांडण्याइतके गिऱ्हाईक नसते. सहा गावांचे मिळून ते पुरते.

बाजारात बसण्याची जागा मालानुसार ठरते. माळवं घेऊन आलेले शेतकरी जमिनीवर गोणपाट किंवा ताडपत्री अंथरून बसतात. त्यांच्याकडे मेथी, शेपू, कोथिंबिरीच्या जुड्या, वांगी, गवार, दोडका असा घरच्या वावरातला थोडाथोडा माल असतो. व्यापाऱ्यांच्या पालांत बटाटा, लसूण, आले अशा बाहेरगावच्या मालाचे ढीग लागतात. पुढे कडधान्ये, सुकट-बोंबील, चपला, तयार कपडे, बांगड्या. कडेला बुरुडाची सुपे-टोपल्या, कुंभाराचे माठ, लोहाराची खुरपी-विळे असतात. भेळभत्ता, शेव आणि भज्यांच्या गाड्यांवर दिवसभर गर्दी हटत नाही. पोरांसाठी खाऊ घेतल्याशिवाय बाजारची पिशवी घरी जात नाही.

मालावरून ऋतू आणि जमीन दोन्ही ओळखता येतात. शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यातून पावसाळा सरताना मूग आणि मग बाजरी येते. दौंड तालुक्याला खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचे पाणी मिळते. तिथे ऊस, म्हणून गुऱ्हाळे आणि गूळ. कांदा दोन्हीकडे. उन्हाळ्यात वर्षाची मिरची, चिंच आणि मसाल्याचे साहित्य भरून ठेवतात. पोळ्याच्या आधीच्या बाजारात कासरे, गोंडे, घुंगरमाळा आणि शिंगांचे रंग दिसतात.

गुरांचा बाजार हा वेगळा विभाग. बैलाचे दात, खूर, चाल पाहून सौदा होतो. रुमालाखाली बोटे धरून भाव सांगण्याची रीत जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. ठरल्यावर इसार दिला जातो आणि बाजार समितीची पावती फाडली जाते. ट्रॅक्टरमुळे औताच्या बैलांची गरज घटली आहे. शर्यतीच्या खिलार बैलांना मात्र मागणी आहे. बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला.

बाजाराचा कारभार शहरात नगरपरिषद आणि गावात ग्रामपंचायत पाहते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार आठवडे बाजारावर फी आकारता येते. वसुलीचा ठेका लिलावाने देण्याची पद्धत रूढ आहे. शेतमालाच्या घाऊक विक्रीसाठी १९६३ च्या कायद्याखालील बाजार समित्या आहेत. २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला समितीच्या आवाराबाहेरही विकण्यास मोकळीक दिली आणि कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान शहरांत सुरू केले. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावे, ही शिरूर-दौंडची जुनीच रीत त्यातून सरकारी धोरण बनली. पथविक्रेता कायदा, २०१४ ने विक्रेत्याच्या उपजीविकेच्या हक्काला कायद्याचे संरक्षण दिले.

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा पालेभाजी पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याला दुसरे दार नसल्याचे स्पष्ट झाले. दोन-चार पाट्यांचा माल पुण्याला नेणे त्याला गाडीभाड्यात परवडत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे नवे गिऱ्हाईक आले, मॉलही आले, पाटीशेजारी मोबाइलवरून पैसे घेण्याचे फलक लागले. तरीही अर्ध्या एकराचा भाजीवाला आणि रोजंदारीवरची मजूर बाई यांना समोरासमोर भाव ठरवता येईल अशी दुसरी जागा या तालुक्यांत उभी राहिलेली नाही. म्हणूनच फी घेणाऱ्या संस्थांनी बाजारात सावली, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि पावसात चिखल होणार नाही असे ओटे पुरवणे हे उपकार नसून त्या फीचा मोबदला आहे.